नळापासून किती फूट

१२ फेब्रुवारी

जेवणाचं टेबल. आठ खुर्च्या. चर्चमधलं प्रवचनाचं मेज — एकही खिळा नाही. आईची शवपेटी. सगळं या दोन हातांनी, आणि शिकवलं कुणीच नाही. काही म्हणता काही डुगडुगत नाही!

आजपासून नवं काम. हॉबर्ट स्ट्रीटचा कोपरा, लाकडात, फुटाला अर्धा इंच. व्हर्डेलबाईंनी सांगितलंय. त्यांच्या मुलाला, जेरोडला पोलिसानं तिथंच गोळी घातली, त्याला दहा दिवस झाले. सहा मार्चला चौकशी समिती बसणार; मॉडेल तिच्यापुढे ठेवायचंय.

१४ फेब्रुवारी

कॉर्नेलच्या सलूनमध्ये जुंपली. कॉर्नेल, वस्तरा हवेत धरून: "गोरं पोर असतं तर आधी 'बाळा, खाली ठेव ते' म्हणाले असते! आमच्यासाठी थेट बार."

लीलंड — माझा धाकटा भाऊ, तेवीस वर्षं पोलिसात काढलेला: "हातात धारदार काही दिसलं की कातडी दिसत नाही. अंतर दिसतं. बारा फुटांवर आला होता."

"रंगाऱ्याची खरवडायची पट्टी होती ती, शहाण्या!"

"ते तुला आज माहितेय."

मी म्हटलं, मोजू. कॉर्नेल हसला. "तुमच्या टेपला काळं-गोरं कळतं का हो?"

नाही कळत. म्हणूनच मोजायचं.

१५ फेब्रुवारी

पोलीस आगीच्या बंबाच्या नळापाशी उभा होता, हे त्यांच्याच अहवालात आहे. नळापासून, जेरोडच्या आठवणीत लोकांनी मेणबत्त्या-फुगे ठेवलेत तिथपर्यंत: तेरा फूट चार इंच. दोनदा मोजलं. टेपचं टोक लीलंडनं धरलं. "बघ दादा." एवढंच बोलला. आवाजात समाधान होतं — का मलाच तसं वाटलं?

१९ फेब्रुवारी

मॉडेल पूर्ण. तळाला माझं नाव कोरलं. हात चालले, मन नाही.

२५ फेब्रुवारी

बर्फ वितळलं. लॉन्ड्रीच्या पायरीशी फरशीवर डाग. तांबूस-काळा, परातीएवढा. नळापासून एकोणतीस फूट सात इंच!

म्हणजे मेणबत्त्या कुणीतरी हलवल्या. पोलिसांनी? कॉर्नेल आईची शपथ घेतो, त्यानं हात लावला नाही. आणि लीलंडच्या आवाजात त्या दिवशी ते समाधान कसलं होतं?

२६ फेब्रुवारी

व्हर्डेलबाई: "मीच हलवल्या. बर्फ ढकलणारी गाडी दर हिवाळ्यात सगळं चिरडत जाते. म्हणून नळाजवळच्या भिंतीच्या आडोशाला ठेवल्या. का हो?"

काय सांगू? अख्खी गल्ली त्या भिंतीशी येऊन रडली. 'तो इथंच पडला का?' असं कुणी विचारलं नाही. मीही नाही. मी! टेपच्या टोकाची पत्र्याची पकड केसभर हलते, तेही हिशेबात धरून मोजणारा!

"चुकलं का माझं?" म्हणाल्या. नाही म्हटलं. चूक माझी.

१ मार्च

दुसरं मॉडेल झालं. डागाचा फोटो व्हर्डेलबाईंच्या वकिलाकडे दिला. पहिलं तळघरात आहे — मोडवेना. हे फक्त लीलंडला सांगितलं.

५ मार्च

लीलंड आला. बसला नाही. पोलीस संघटनेच्या वकिलाचा निरोप: उद्या समितीपुढे पहिलं मॉडेल ठेवायचं, माझ्याच नावासकट. दुसरं विसरायचं. चाळीस हजार डॉलर. नाही म्हटलं.