एक अष्टमांश पठाण

प्रिय बाबा,

तुम्ही गेल्यापासून एकदाही तुम्हाला पत्र लिहिलं नाही. आज लिहिते आहे ते आठवण दाटून आली म्हणून नव्हे. मला भांडायचं आहे. आणि ज्याच्याशी भांडायचं तो माणूस नगरच्या कबरस्तानात निवांत झोपलाय, हे मला मुळीच मान्य नाही.

इरा, तुमची पणती, आता दहा वर्षांची आहे. उद्या तिच्या शाळेत प्रत्येकाने आपापल्या लोकांचा पोशाख घालून जायचंय. नऊवारी मागच्या वर्षी झाली. यंदा तिला पठाण व्हायचंय. इकडच्या इंग्रजीत म्हणाली, "आय ॲम वन-एट्थ, आजी. स्मॉल पीस ओन्ली, बट कॅन, लाह!" ऐकून मला केवढा आनंद झाला म्हणून सांगू! जन्मभर लोकांनी मला पठाणीण म्हटलं ते मी चिडल्यावरच. हौसेने पठाण व्हायला निघालेली घरातली ही पहिलीच.

इथे परदेशात, बुकित बातोकच्या आमच्या ब्लॉकमध्ये, दोन मजले खाली, पेशावरचं एक कुटुंब राहायला आलंय. सून पलवशा आणि तिची सासू. पोशाख कसा असतो ते विचारावं म्हणून दोघींना घरी बोलावलं. "माझे वडील पख्तून," असं म्हटल्याबरोबर सासूबाईंनी माझे दोन्ही हात हातात घेतले.

"पश्तो आती है?"

"नहीं."

"शौहर?"

"देशपांडे."

हात अजून सुटले नव्हते, बाबा! मग मी विचारलं, "चाय लेंगी आप?"

सुटले. "पख्तून पूछता नहीं, बीबी. रख देता है," त्या म्हणाल्या. सोफ्याआडून डोकावणाऱ्या इराकडे बघून वर आणखी म्हणाल्या, "और बच्ची तो अपने बाप की होती है." आणि गेल्या. सून बिचारी चपला हातात घेऊनच मागून पळाली.

माझं काय चुकलं? कॉन्व्हेंटात सिस्टर शिकवायच्या, पाहुण्यावर जबरदस्ती करू नये, आधी विचारावं. आई तर सदाशिव पेठेतली. तिनेही विचारलंच असतं! तुम्ही गॅरेजमधून ग्रीसचे हात घेऊन आत यायचात आणि चिडायचात, "मेहमानला विचारतात का, सुशीला?" आई म्हणायची, "अहो, नको असला तर वाया जातो चहा." आणि तुम्ही हसायचात. लॉरीवाल्यांवर अख्खी गल्ली गोळा होईल असं ओरडणारा माणूस घरात हसून गप्प बसायचा! का? एकदा तरी मला बाजूला घेऊन सांगायचंत ना, गुलू, आपल्यात असं असतं.

आपल्यात. बघा, लिहितानाही हात अडतो.

तुमचे गाववाले गॅरेजवर यायचे तेव्हा मला आत पाठवायचात. मी दाराआड उभी राहून तुमची पश्तो ऐकायची. तुमचा आवाजच बदलायचा. मोठा व्हायचा, मोकळा व्हायचा. तो माणूस मला कधी भेटलाच नाही. माझ्या वाट्याला आला तो मोडक्या मराठीत पाढे विचारणारा. मला तोही आवडायचा, पण म्हणून दुसरा द्यायचाच नाही?

आणि खरं दुखलं ते चहाचं नाही. त्या म्हातारीचं दुसरं वाक्य तुमचं होतं, बाबा! भोपाळच्या आत्याचा मुलगा आपल्याकडे राहून गेला. तुम्ही त्याला खांद्यावर घेऊन नगरभर हिंडलात, आणि तो गेल्यावर म्हणालात, "पोरगा चांगला. पण आपला नाही, त्याच्या बापाचा." मी समोरच मटार सोलत बसले होते. उद्या हिलाही मुलं होतील, असं तुमच्या मनातसुद्धा आलं नाही?

दुसऱ्या दिवशी पलवशा गुपचूप येऊन आपल्या भाचीचा झगा देत होती. "अम्मी को मत बताइएगा, आंटी." मी परत पाठवला. चोरून पठाण होणार नाही माझी नात! हा तोरा तुमचा की आईचा, कोण जाणे. दोघांकडेही भरपूर होता. इरा मात्र रडली. माझा लेक म्हणाला, "आई, सोड ना. कोणाला फरक पडतो?"

"मला!" एवढं मोठ्याने ओरडले की शेजारच्या चिनी आजींनी दार उघडून पाहिलं.

तेव्हापासून शिवणयंत्र मांडून बसले आहे. बाह्या उसवते, पुन्हा शिवते. घेर जास्त झालाय, आरसे वाकडे बसलेत. बरोबर आहे की नाही हे सांगायला कोणी नाही. आत्ताच इरा येऊन विचारून गेली, "आजी, टीचरने विचारलं तर काय सांगू? ॲम आय, ऑर नॉट?" मी म्हटलं, थांब, सांगते. आणि तुम्हाला लिहायला बसले, जणू तुम्ही परवानगी पाठवणार आहात!

नाही मागत. इरा तुमची आहे. माझ्याकडून आहे, बाईकडून आहे, आणि तरीही आहे. हे आता उठून मी तिला सांगणार, आणि उद्या लिफ्टमध्ये ती म्हातारी भेटली तर तिलाही, तोंडावर. तुम्हाला पटत नसेल तर तयारीत राहा. मी वर येईन तेव्हा हे भांडण पुढे चालू करीन, हा माझा शब्द.

तुमचीच,
गुलनार खान देशपांडे