दुसऱ्या टबातली जलपर्णी

बुधवार, दिवेलागणीची वेळ

आज लई लाज वाटली. नात सायली कॉलेजच्या प्रयोगासाठी गच्चीत जलपर्णीवर लवंगाच्या तेलाचं पाणी फवारती. तेलानं ती मरती का, ते उद्या सरांना दाखवायचं व्हतं. हुशार हाय माझी बाय! पण एका टबाला फवारा अन् दुसरा तसाच? वाटलं, विसरली पोरगी. लाडू बी मी दोघा नातवंडांना सारखाच देते. दिला मारून फवारा.

"आज्जे, तो टब मुद्दाम तसा ठेवला व्हता! आता तेलाचा फरक कशाशी ताडून बघू?" डोळं भरलं तिचं.

मग सरांना फोनवर म्हणाली, "सर, माझ्याच हातनं चूक झाली. पुन्हा पहिल्यापासून करते."

मी शेजारीच उभी व्हते. 'मी केलं' एवढं सांगायला बी माझं तोंड उघडलं नाय.