मेहुण्याचा सिनेमा आणि प्रेक्षकांचा कौल

७ नोव्हेंबर, शुक्रवार
आज मेहुण्याचा सिनेमा लागला. मला काहीही वाटलं नाही. लिहून ठेवतो, कारण सकाळपासून बायको सारखी विचारतेय, तुम्हाला बरं वाटत नाहीये का? मी कॉलेजात भाषा शिकवतो, गंभीर तीन अंकी नाटकं लिहितो. तो तिचा धाकटा भाऊ. कालपरवापर्यंत शाम्पूच्या जाहिराती लिहायचा. बरोबरीच नाही, तर जळायचं कशाला?
संकल्प : सिनेमा बघायचा नाही.

८ नोव्हेंबर, शनिवार
बघितला. टीका करायची तर बघावा लागतो.
गोष्ट अशी. एका शाळेला ‘सर्वात आधुनिक शाळा’ हे बक्षीस हवं असतं. त्यासाठी एक तरी गे विद्यार्थी दाखवणं भाग असतं. मुख्याध्यापिका चक्क निवड चाचणी ठेवतात. बक्षिसाच्या आशेने निम्मी शाळा रांगेत. आणि खरोखरचा गे असलेला एकुलता एक मुलगा नापास होतो, कारण त्याला नाचता येत नाही आणि त्याचा शर्ट चुरगळलेला असतो. परीक्षक म्हणतात, बाळ, अजून तयारी कर.
अख्खं थिएटर हसून लोळलं. मी हसलो नाही. मला ठसका लागला. बायको म्हणते, हसलात. ठसका होता.
सतरा वर्षांची लेक आमच्या मधे बसली होती. हसता हसता रडायलाच लागली. मुलांचे असे हाल करणारा सिनेमा.

१० नोव्हेंबर, सोमवार
ठरलं. ‘प्रेक्षकांचा कौल’ नावाचा लेख लिहायचा. माझं मत बाजूला, फक्त लोकांच्या प्रतिक्रिया. शंभर टक्के निःपक्षपाती. कॉलेज सुटल्यावर थेट थिएटरची लॉबी गाठली आणि पॉपकॉर्नच्या काउंटरपाशी उभा राहिलो.
एक काका म्हणाले, आमच्या वेळी असलं काही नव्हतं. वा! पेनाचं टोपण काढेपर्यंत पुढे म्हणाले, नव्हतं म्हणजे होतं हो, माझा सख्खा भाऊच होता. बोलायची सोय नव्हती. आणि चष्मा पुसत निघून गेले. हे घेतलं नाही. विषय सोडून होतं.
दोन मुली म्हणाल्या, मस्त आहे, पण जरा सेफ खेळलेत. त्या मुलाचं कुणावर प्रेम दाखवलं असतं तर काय बिघडलं असतं? ‘मस्त आहे’ गाळून बाकीचं घेतलं.
मधेच एक गृहस्थ तावातावाने बाहेर आले. मी जवळजवळ पळतच त्यांना गाठलं. विचारलं, असह्य झालं ना? म्हणाले, कधीचं! पण सीन सोडून उठवेना. बाथरूम कुठे आहे?

१२ नोव्हेंबर, बुधवार
प्राचार्यबाईंनी केबिनमध्ये बोलावलं. वाटलं, माझ्या नव्या नाटकाबद्दल असेल. म्हणाल्या, तुमचे मेहुणे आपल्या वार्षिक कार्यक्रमाला प्रमुख पाहुणे म्हणून येतील का हो? आणि आभारप्रदर्शन तुम्ही करा, तुमची भाषा चांगली आहे.
बाहेर आलो तर शिपाई कुणाला तरी सांगत होता, ते बघा, त्या सिनेमावाल्यांचे भावोजी.
डोकं दुखतंय. हवा बदलल्यामुळे.

१५ नोव्हेंबर, शनिवार
लेक आज परत त्या सिनेमाला गेली. टेबल टेनिसवाल्या मैत्रिणीबरोबर. पास मामाने दिले. माझ्या नाटकाला ती एकदा आली होती, तेही मध्यंतरापर्यंत.
आल्यावर म्हटलं, लेखासाठी तुमच्या पिढीची प्रतिक्रिया दे. तर मलाच विचारते, बाबा, तू कुठे हसलास? म्हटलं, कुठेच नाही. असे विषय पडद्यावर ठीक, आपल्या ओळखीत थोडंच असतं असं कुणी? ती ओके म्हणाली आणि खोलीत गेली. पटलेलं दिसतं.

१६ नोव्हेंबर, रविवार
मेहुणा आला होता. तो, बायको आणि लेक स्वयंपाकघरात. मी पाणी प्यायला गेलो तर तिघंही चिडीचूप. लेकीचे डोळे लाल. मेहुण्याचा हात तिच्या डोक्यावर. म्हणाला, काय भावोजी, कसं काय?
उघड आहे. सिनेमाचा दुसरा भाग येतोय आणि त्यात मी आहे. विनोदी पात्र.
निघताना लेक त्याला मिठी मारून उभी राहिली. सोडेचना. मला अशी मिठी तिने शेवटची कधी मारली, आठवेना. मग मी पंखा पुसायला घेतला.

१८ नोव्हेंबर, मंगळवार
लेख पूर्ण. वाचक मंडळात वाचायचा, म्हणून बायकोसमोर तालीम केली. ती इस्त्री करत होती. शेवटचं वाक्य जोरदार जमलंय : ‘अशी मुलं फक्त सिनेमात असतात.’ तिने इस्त्री उभी केली. म्हणाली, हे वाक्य वाचलंत तर याद राखा. म्हटलं, भावाची बाजू घेतेस. म्हणाली, भावाची नाही हो. आणि लेकीला हाक मारली.
लेक दारात आली. आईकडे बघितलं. मग म्हणाली, बाबा, मला मुली आवडतात.
मी लेखाचे कागद नीट जुळवले. मग विचारलं, मामाला माहीत आहे?
हो म्हणाली. सिनेमा यायच्या आधीपासून.
म्हटलं, म्हणजे त्याला आधी सांगितलंस?
बायकोने कपाळाला हात लावला. अहो, तुम्ही एवढंच ऐकलंत?
लेक म्हणाली, मामा ऐकतो. तू वाक्यं तपासतोस.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार
लेख फाडला. मंगळवारपासून घरात फक्त कामापुरतं बोलणं.
संकल्प : सिनेमा पुन्हा बघायचा. मोठ्याने हसायचं. मग लेकीशी असं काही बोलायचं की मामा कुठल्या कुठे मागे पडेल. भाषण पाठ केलं. छोटंच, पण भारदस्त.
थिएटरवर गेलो तर पोस्टर बदललेलं. तिकिटाच्या खिडकीतली बाई म्हणाली, तो काल उतरला.
घरी लेकीनेच दार उघडलं. पाठ केलेलं सगळं विसरलो. म्हटलं, सिनेमा उतरला.
कळलं, म्हणाली, मामा सकाळपासून फोन उचलत नाहीये.
वाईट वाटलं. खरंच, थोडं वाटलं. उरलेलं जे वाटलं ते इथे लिहीत नाही.
तिथेच जिन्यात बसलो. तीही येऊन बसली. विचारलं, तू सांगितलंस तेव्हा मामा रडला?
थोडासा, म्हणाली.
म्हटलं, मला आधी सांगितलं असतंस तर मी त्याच्यापेक्षा जास्त रडलो असतो.
बाबा, ही स्पर्धा नाहीये, म्हणाली. मग माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, बरं, रड आता.
अगदी मनापासून प्रयत्न केला.
शिंक आली.