सुटावर सूट

३ फेब्रुवारी, मंगळवार

पकडले गेले! की त्या पकडल्या गेल्या? अजून ठरत नाही.

दान आलेल्या जुन्या वस्तू विकणाऱ्या धर्मादाय दुकानात टांगलेल्या कोटांपाशी उभी होते. एका राखाडी कोटाची बाही चाचपत होते, तर दुसरी बाही पलीकडून कोणीतरी ओढली. मान वर केली – मोठ्या जाऊबाई! नव्या वस्तूंची खोकी महिनाभर दारात ठेवतात, त्या जाऊबाई!

"अगं, तू इथे?"

"वहिनी, तुम्ही?"

"जुने कपडे द्यायला आले होते."

"मीसुद्धा!"

दोघींच्या हातात रिकाम्या पिशव्या. देऊन झाले म्हणे. मग दान करून मोकळ्या झालेल्या बायका कोटाच्या बाह्या कशाला ओढत होत्या, हे दोघींनीही विचारलं नाही. शेवटी चांगल्या घरच्या सुना आम्ही!

ह्यांना सांगितलं तर घास हातातच राहिला. "दादाला कळता कामा नये." ह्यांची नोकरी गेल्यापासून घरात हे एकच वाक्य चालतं. भाजीला मीठ कमी पडलं तरी हेच म्हणतील एखाद दिवशी.

५ फेब्रुवारी

मुलाखत एकोणीस तारखेला. हिशेब खात्यातली जागा, एकच. ह्यांचा जुना सूट काढला. पँट चढते, बटण लागत नाही. जोर करून लावलं तर बोलता येत नाही – आणि मुलाखतीत बोलावं लागतं.

नव्या सुटाचा भाव विचारून आले. नुसतं विचारायचे पैसे घेत नाहीत, एवढंच नशीब.

९ फेब्रुवारी, सोमवार

पुन्हा त्याच दुकानात. इथले भाव कोण लावतं देव जाणे. कान तुटलेली कपबशी तीस, आणि शेजारी धडधाकट बारा पेले मिळून वीस! चित्र जोडायच्या खेळाच्या खोक्यावर प्रामाणिकपणे लिहिलेलं – 'एक तुकडा कमी'. कुठला, ते घरी जाऊन कळेल.

तो राखाडी कोट अजून होता, पँटसकट अख्खा सूट. चिठ्ठीवर नऊशे. गल्ल्यावरच्या चष्मेवाल्या बाई पगार घेत नाहीत, सेवा म्हणून बसतात. पण बसतात अशा, की दुकान आजोबांनी काढलेलं! "काही कमी होईल का?" मी इतक्या हळू विचारलं की मलाच ऐकू आलं नाही. त्यांनी मात्र ऐकलं. "आजारी मुलांच्या औषधांसाठी आहेत हे पैसे." संपलं! आजारी मुलांशी घासाघीस कोणी करायची? कपबशी घेऊन बाहेर पडले. तुटक्या कानाची. तीसला.

दारात जाऊबाई. "पुन्हा द्यायला आलीस?"

"हो. तुम्ही?"

"मीही." मग माझ्या हातातल्या कपबशीकडे बघून त्यांना राहवेना. "कितीला घेतलीस? तीस? अगं, हिला तर त्यांनी तुला पैसे द्यायला हवे होते!"

शिकवणीच सुरू झाली. कपडा खिडकीशी नेऊन बघायचा. काखेचा वास घ्यायचा, लाजायचं नाही. अस्तर उलटून पाहायचं. चेन तीनदा ओढायची. मोठ्या नावाची पट्टी दिसली की भाव दुप्पट लावतात – "पट्टी आत असते, जगाला दिसत नाही. तिचे पैसे कशाला?" आणि मुख्य म्हणजे, "दोष दाखवायचा, नावं ठेवायची नाहीत."

जाऊबाईंना हा छंद केव्हा लागला? पैसेवाल्यांनी केली की काटकसर, आपण केली की ओढाताण. मोठ्या दिरांनी कंपनीची गाडीसुद्धा परत केली म्हणे. डॉक्टरांनी चालायला सांगितलंय. असे डॉक्टर फक्त श्रीमंतांना भेटतात.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

घेतला! म्हणजे जाऊबाईंनी घेऊन दिला.

मी गेले तेव्हा त्या आधीच त्या सुटापाशी उभ्या होत्या. खांद्यावरून हात फिरवत होत्या, बराच वेळ. दोघे भाऊ अंगाने एका साच्यातले. म्हटलं, "भाऊजींसाठी बघत होतात का?"

"छे! ह्यांची कपाटं उघडली की कपडे अंगावर पडतात." आणि बाही सोडून दिली. "तुला हवाय?"

"ह्यांच्या ऑफिसात समारंभ आहे." खोटं बोलताना माझे कान तापतात. त्यांनी कानांकडे पाहिलं, मग सुटाकडे. "चल," म्हणाल्या.

"अस्तर उसवलंय," गल्ल्यावर सूट पसरून.

"म्हणूनच नऊशे," चष्मेवाल्या बाई.

"शिंपी दोनशे घेईल."

"तुम्ही घरी शिवाल."

"शिवेन की. म्हणजे डोळे माझे फुटणार आणि पैसे तुम्हाला मिळणार?"

बाईंनी चष्मा काढला. "आठशे."

"पाचशे. शिवाय दोन पिशव्या चांगले कपडे आणून देते."

"ते तुम्ही दर वेळी म्हणता."

मी दुसरीकडे बघितलं. जाऊबाई हलल्या नाहीत. नाक एवढंसं लाल झालं, बस. "सहाशे," म्हणाल्या. "आणि अस्तर उसवलंय हे मी दुकानात कोणाला सांगणार नाही."

दुकानात आम्ही तिघीच होतो. चष्मेवाल्या बाई हसल्या! हसणं हे भाव उतरल्याचं लक्षण असतं, असं जाऊबाई नंतर म्हणाल्या. "साडेसहाशे. आता एक शब्द जरी बोललात तर नऊशे."

पैसे दिले. गल्ल्यावर दानपेटी होती, वर औषध पिणाऱ्या मुलाचा फोटो. मला राहवलं नाही, हळूच पन्नास टाकले. जाऊबाईंनी पाहिलं. रस्त्यात कपाळावर हात मारला. "घसा कोरडा करून कमी केले, ते तू पेटीत टाकून आलीस?" आणि हसत सुटल्या. मीही. इतक्या वर्षांत आम्ही दोघी अशा कधी हसलो नव्हतो. कुटुंबात सगळे असतात, हसायला जागा कुठे?

घरी येऊन अस्तर शिवलं.

१४ फेब्रुवारी

बसला! खांद्यात अगदी मापाचा. आरशासमोर तीनदा गिरकी. "कुठून आणलास?" सूट मिळाली, म्हटलं. खोटं काय त्यात!

१७ फेब्रुवारी

जाऊबाईंचा फोन. "समारंभ केव्हा आहे?" एकोणीसला, म्हटलं. "एकोणीसलाच?" पुन्हा विचारलं. मग म्हणाल्या, "कोट इस्त्रीखाली थेट धरू नकोस, चकाकी येते. वर ओलं फडकं टाक." बस, ठेवला फोन. ओलं फडकं टाकून इस्त्री केली.

१९ फेब्रुवारी, सकाळ

हे गेले. जिन्यावरून परत आले, किल्ल्या विसरले म्हणून. किल्ल्या खिशातच होत्या.

१९ फेब्रुवारी, संध्याकाळ

सोमवारपासून या म्हणाले. नोकरी मिळाली.

हे आले ते कोट न काढताच बसले. आनंदच दिसेना चेहऱ्यावर. मुलाखतीआधी बाहेर बाकावर दादा बसलेले, ह्यांच्या आधीचा नंबर त्यांचा. कोपरावर झिजलेला कोट, मांडीवर कागदांची पिशवी. आपली नोकरी गेल्या वर्षीच गेली, दादा म्हणाले. आतून दादांचं नाव पुकारलं. ते उठले, ह्यांची कॉलर नीट केली. "चांगला बसलाय रे." आणि पुकारणाऱ्याला म्हणाले, "माझा मजला चुकला." जिना उतरून गेले.

फोन वाजतोय. जाऊबाईंचा आहे. आम्ही दोघं समोरासमोर बसलोय, उचलायला कोणी उठत नाही.