पाच नोव्हेंबरची सावली

मी जेबेझ पेटिकन, वय वर्षे तेवीस, राहणार टोल्सहंट डार्सी, एसेक्स (राहणार म्हणजे, पाय टिकतो तेव्हा), पूर्ण शुद्धीत आणि कुणाच्या दडपणाखाली नसताना हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. भरती लागली की जहाज सुटणार, म्हणून अक्षर घाईचं आहे. केप हॉर्नला वळसा घालायचाय; तिथून सगळेच परत येत नाहीत.

वडिलांनी घर व मागची बाग माझ्या नावे केली. माझ्या पश्चात दोन्ही थोरला भाऊ ओबेड याला द्यावे. छप्पर त्यानेच शाकारलं. मी तेव्हा नॉर्विचला मेंढ्या हाकत होतो. त्यातली एक मेंढी तर... असो. माझे बूट कुणीही घ्यावेत. डावा चावतो.

बागेतलं डार्सी स्पाइस सफरचंदाचं झाड मात्र केझाया आत्याचं. ओबेडला ते पाडून तिथे डुकरं ठेवायचीत. "बटाट्यासारखं दिसतं, दगडासारखं लागतं, त्यात एक वर्षाआड रुसतं," म्हणतो. खोटं नाही. हिरवट साल, वर गंज, माथ्याला उंचवटे. पण हा गडी सप्टेंबरातच तोडून चावतो! ते पाच नोव्हेंबरला, गावात पुतळा जाळतात त्या दिवशी उतरवायचं आणि माळ्यावर पेंढ्याच्या अढीत घालायचं. फेब्रुवारीत साल सुरकुतली की कापावं: जायफळाचा वास, आंबटगोड रस. मी एकदाच तेवढा थांबलो, तेही आत्याने माळ्याची किल्ली लपवली म्हणून.

झाडाच्या सावलीत येईल तेवढी जमीनही आत्याची.

एवढं लिहिलं तेव्हा ओबेड मागून वाचत होता. बाहेर भर दुपार, सावली बुंध्याशी गोळा झालेली.

"सावलीच ना? दे की!" तो हसला. "म्हातारीची खुर्ची मावेल."

"मग भांडणार नाहीस?"

"एवढ्याशा तुकड्यासाठी? येडा की काय तू!"

तो माझी पेटी गाडीत टाकायला गेला. आता पुढचं लिहितो. सावली फळ उतरवायच्या दिवशी मोजावी, म्हणजे पाच नोव्हेंबरला, दुपारी साडेतीनला. तेव्हा सूर्य खाडीवर उतरलेला असतो आणि सावली अख्खी बाग ओलांडून घराच्या पायरीवर चढते. ढग असले तर पुढच्या वर्षी मोजावी. तोवर झाडाला कुऱ्हाड लावू नये.

आत्या, किल्ली लपवूनच ठेव. परत आलोच, तर फेब्रुवारीपर्यंत थांबेन म्हणतो.

सही: जेबेझ पेटिकन

आमच्यादेखत सही केली, आम्हाला यातलं काही मिळत नाही:
टोबायस मंक, लोहार
एलायझा फ्रॉस्ट, पावभट्टीवाली

टोल्सहंट डार्सी, १२ ऑगस्ट १९११