आप्पांच्या ट्रॅक्टरची किल्ली

२८ डिसेंबर २०२४, उदगीर

आला! बिनड्रायव्हरचा ट्रॅक्टर एकदाचा आमच्या शेतात आला. नांदेडच्या आमच्या कंपनीनं चाचणीला दिलाय. परक्या कुणी नेटवरून त्यात शिरून तो पळवू नये, हे बघणं माझं काम — आणि शेत माझ्याच बापाचं!

मोटरसायकलवरून पडून आप्पांचा मणका दुखावला, तेव्हापासून ट्रॅक्टरवर बसायला सक्त मनाई. चाचणी जमली तर हा इथंच राहील आणि उन्हाळी भुईमूग आप्पाच पेरतील. नाहीतर जमीन शेजारच्या गुरुपादप्पांना बटईनं, अर्ध्या वाट्यावर. लहानपणी बघितलंय — आप्पा तिफण हाकायचे, आई — आमची अव्वा — मागून चालत चाड्यात बी सोडायची. "दुसऱ्यानं पेरलेलं बांधावर बसून बघायचं म्हंजे..." एवढंच म्हणाले.

३० डिसेंबर, येळवस

वेळ अमावस्येला शेतात येईल त्याला जेवू घालायचं, ही आमच्याकडची रीत.

दुपारी पूजेसाठी उभारलेल्या कडब्याच्या कोपीपाशी ऐंशी-एक माणसं भज्जी-आंबिलीवर बसलेली. आप्पांना ट्रॅक्टर दाखवायची भारी हौस. पडीक तुकड्यात सुतासारखा सरळ चालला होता, मीही मिरवत उभी — आणि मधेच वळला! थेट कोपीकडं! मी मोबाइलवर 'थांब' दाबतेय, दाबतेय, ऐकतच नाही. अव्वा हातातली बाजरीच्या उंड्यांची परात टाकून धावली, आणि मी काल दाखवलेलं मागचं लाल बटण तिनं दाबलं. माणसांपासून बारा पावलांवर थांबला. कुणाला खरचटलंही नाही.

आमच्या साहेबांना, दयानंद सरांना, लगेच फोन केला. काही लपवलं नाही. "पंधरा दिवस देतो. नाहीतर ट्रॅक्टर परत."

१ जानेवारी २०२५

सापडलं. आप्पांनी शेतातल्या आमच्या घरच्या वायफायचा पासवर्ड पाटीवर खडूनं लिहून कोपीच्या तोंडाशी टांगला होता! वर मलाच विचारतात, "येळवशीला आलेल्याला न्हाई म्हणायचं का? पाणी मागितलं पाणी दिलं, नेट मागितलं नेट दिलं." त्यातल्या एका पाहुण्याच्या फोनात फुकट सिनेमे दाखवणारं कुठलंतरी अ‍ॅप. त्याच्या आडून चोर आत शिरला आणि त्याच वायफायवरच्या ट्रॅक्टरपर्यंत पोचला. त्या बिचाऱ्याला पत्ताही नाही.

आप्पांवर लई ओरडले. मग लाज वाटली. ट्रॅक्टर घरच्या वायफायला जोडला कुणी? मी. कारखान्यातून आलेला पासवर्ड — एक, दोन, तीन, चार! — तसाच ठेवला कुणी? मीच. येळवशीला शेतात पाऊल ठेवील तो पाहुणा, हे काय मला नवीन होतं? नांदेडच्या ऑफिसात बसून सगळ्या चोरांचा विचार केला, आमच्या पाहुण्यांचा केलाच नाही. शहाणी!

३ जानेवारी

आज पुन्हा तेच भांडण. मी म्हणतेय, पासवर्ड कुणाला देऊ नका. आप्पा ऐकेनात. अव्वा भाकरी थापता थापता म्हणाली, "घर समद्याला उघडंच असू दे की. गळ्यातलं इष्टलिंग मागालंय का कोण? ते ज्याचं त्याच्यापाशी."

मी ताटावरून उठलेच. "अगं भाकर तरी खा!" — पण आधी लॅपटॉप.

४ जानेवारी

ठरलं. पाहुण्यांना वेगळं वायफाय, खुशाल पाटीवर लिहा. ट्रॅक्टरला वेगळी वाट. आणि एक किल्ली, बोटाएवढी. ती जवळ आणून तिच्यावर नंबर दाबल्याशिवाय ट्रॅक्टर कुणाचाच हुकूम मानणार नाही. माझासुद्धा नाही.

९ जानेवारी

जमेना. डोकं फुटायची वेळ आलीय.

११ जानेवारी

जमलं!! किल्लीत नंबर टाकायच्या वेळी आप्पांनी मला खोलीबाहेर काढलं. "तू कंपनीची माणूस." मीच शिकवलेलं मलाच! राग आला, मग हसू आलं.

१३ जानेवारी

परीक्षा. दयानंद सरांबरोबर ऑफिसातली वर्षाराणी आली. कुलपं फोडणं हाच तिचा पगारी धंदा. सकाळपासून बांधावर लॅपटॉप मांडून नाना खटपटी केल्या. ट्रॅक्टर ढिम्म! शेवटी ती विहिरीआड गेली आणि आवाज बदलून आप्पांना फोन लावला. आप्पांनी नेहमीसारखा स्पीकर लावलेला, मला सगळं ऐकू येतंय. "काका, कंपनीतून बोलतेय. तुमची किल्ली बिघडलीय, नंबर सांगा बरं." माझा जीव टांगणीला. आप्पा असल्यांना आधारचा नंबरसुद्धा घडाघडा सांगणारे!

"किल्ली माझ्यापाशी न्हाई."

"मग कुणापाशी आहे?"

"ते सांगायचं न्हाई. जेवायला मात्र या, आंबिल हाय."

वर्षाराणी हसत हसतच आली आणि खरंच दोन तांबे आंबिल प्याली. सर म्हणाले, "राहू दे ट्रॅक्टर इथंच." मी सरांसमोर रडले. रडले तर रडले! आप्पांनी धडधडीत खोटं सांगितलं म्हणून त्यांचं कौतुक केलं, तर नुसते मिशीत हसले.

२ फेब्रुवारी

भुईमुगाची पेरणी. आप्पा बांधावर बाजेवर. म्हटलं, आप्पा, किल्ली काढा. त्यांनी अव्वाकडं बघितलं. तिनं कमरेच्या पिशवीतून किल्ली काढली, माझ्याकडं पाठ केली, नंबर दाबला. ट्रॅक्टर निघाला, अव्वा त्याच्या मागून चालू लागली. आणि आप्पा काठी टेकत उठले, काळ्या मातीत उतरले आणि तिच्या मागून निघाले.