जरासा ताप, दीड दिवस

प्रिय दादा,
धाकटीचा लांबूनच नमस्कार.

मी मजेत आहे. वॉर्डात नवी नर्स आल्यामुळे डबल ड्यूटी थांबली. वहिनीला सांग, आता वेळेवर जेवते.

फोनवर तू विषय बदलतोस, म्हणून लिहितेय. बाबांना ‘जरासा ताप’ आहे म्हणालास. आईच्या वेळीही जरासाच ताप होता. मला काळजी नको म्हणून बोलतोस, कळतं रे. पण थेट विमान नाही. दोनदा बदलून, मध्ये ताटकळून घरी यायला दीड दिवस लागतो. आईच्या वेळी मी पोहोचले तोवर भेटायला आलेली माणसंही पांगली होती.

बाबा जेवतात का? रात्री त्यांच्याजवळ कोण झोपतं?

बॅग भरून दाराशी ठेवली आहे. मी घाबरेन म्हणून सांगायचं थांबू नकोस. घाबरायला मला वाटेत दीड दिवस आहेच.

तुझीच,
धाकटी